डागाला आधी विचारायचं

दिराच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. ते वर्ष आमच्या घरात कुणी विसरणार नाही, कारण त्याच लग्नात आमच्या ह्यांनी आपल्या सख्ख्या भावाचा हात हातात घेऊन मोठ्या अदबीनं विचारलं, "आपण मुलाकडचे का?" दीर आधी हसले. त्यांना वाटलं, दादा थट्टा करतोय. दादानं आयुष्यभर थट्टाच केली होती. "हो, मुलाकडचाच," ते म्हणाले, "मुलगी कशी आहे ते बघायला आलोय." मग ह्यांनी त्यांच्या कोटाची कॉलर दोन बोटांत धरली, उलटी केली, उजेडाकडे वळवली आणि म्हणाले, "चहाचा डाग आहे. जुना आहे. गुरुवारी या." दिराचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला शोधायला लागले. पेला माझ्या हातातच होता.

त्यानंतर काही महिन्यांनी, अगदी साध्या एका सकाळी, चहाचं पातेलं विसळायला मी मागच्या गॅलरीत गेले, तर ठिपकीची पन्हळ चकचकीत दिसली. पातेलं हातात धरून मी तिथेच थबकले. पन्हळ पांढऱ्या प्लास्टिकची, लांबट, भिंतीलगत दोन विटांवर ठेवलेली. आदल्या संध्याकाळपर्यंत ती तांबड्या लवेनं भरलेली होती. भिजलेल्या लोकरीसारखी ती लव, बोट लावलं तर ढगासारखी विरघळायची. आता तिच्यात निव्वळ उजेड होता. कोपरे, कडा, पाणी बाहेर पडायची छोटी नळी, सगळं असं स्वच्छ की बघून डोळ्यांना गार वाटावं. पन्हळीच्या शेजारी आमच्या जुन्या दुकानातला दांडीचा ब्रश उपडा वाळत ठेवला होता, आणि पांढऱ्या पुडीचा डबा, झाकण घट्ट लावलेला. त्या पुडीनं गंजाचा डाग असा जातो की कापडाला तो पडल्याची आठवणही राहत नाही. आत हे चहाची वाट बघत बसले होते आणि गुणगुणत होते. काम मनासारखं झालं की ते असेच गुणगुणायचे. कितीतरी दिवसांनी मी ती गुणगुण ऐकत होते, आणि ती ऐकून मला रडू यावं असा तो दिवस होता.

ठिपकी म्हणजे आमची मुलगी. हे नाव ह्यांनीच ठेवलं. ती जन्मली तेव्हा आमची लाँड्री ऐन भरात होती, आणि आख्ख्या वस्तीत ह्यांना लोक डागवाले म्हणून ओळखायचे. शाई, रक्त, तेल, चहा, गवत, काहीही घेऊन या, गुरुवारी या आणि घेऊन जा. मुलीला पहिल्यांदा हातात घेऊन हे म्हणाले होते, "हा एक डाग माझ्याच्यानं निघायचा नाही." तेव्हापासून ती ठिपकी. आता ती चाळिशीला आली, प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली माणसं आहेत, तिथे तिला मोठ्या मानानं मॅडम म्हणतात. घरात ती ठिपकीच. नवऱ्याची बदली दूर झाली आणि तिचं काम इथं अडलं, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली, असं ती सांगते. मला ठाऊक आहे, ती ह्यांच्यासाठी आली.

तिचं काम मला समजायला वेळ लागला. मी मुळात अक्षर शिकले तेच केस पांढरे व्हायला लागल्यावर, तेही शाळेत नाही, लाँड्रीच्या टेबलावर. कपड्यावर खूण घालायची शाई असायची, ती लिहिताना दिसत नसे. वरून गरम इस्त्री फिरली की काळी पडायची आणि मग जन्मभर जायची नाही. ह्यांनी माझ्या हातात टाक दिला, माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि कापडाच्या चिंधीवर एक अक्षर काढायला लावलं. काहीच दिसेना. "काय लिहिलं मी?" मी विचारलं. "इस्त्रीला विचार," हे म्हणाले. मी इस्त्री फिरवली आणि वाफेतून माझ्या नावाचं पहिलं अक्षर हळूहळू वर आलं, जसं काही ते कापडात आधीपासूनच होतं. तेव्हा मी इतकी घाबरले की इस्त्री तशीच ठेवून बाजूला झाले आणि चिंधी जळाली. ते अक्षर जळलं, हे पोट धरून हसले. मग दुसरी चिंधी दिली. असं एकेक करत मी शिकले. त्यामुळे ठिपकी जेव्हा म्हणाली, "आई, बॅटरीत एक भाग असतो, त्यात वीज मुक्कामाला येते आणि परत जाते, तो भाग मी जिवांकडून बांधून घेते," तेव्हा मी तिला वेड्यात काढलं नाही. मी म्हटलं, "कुठले जीव?" ती म्हणाली, "तुमच्या लाँड्रीमागच्या गटारातले."

हे ऐकून ह्यांचा चहा सांडला होता. तेव्हा ते बरे होते, म्हणजे बरेचसे बरे होते. "ते तांबडं?" ते ओरडलेच. "अगं, त्या तांबड्यानं माझं अर्धं आयुष्य खाल्लं!" आणि ते खरंच होतं. आमच्या इमारतीच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे. लाँड्रीच्या मागे जिथे ते पाणी सांडून साठायचं, तिथे बारा महिने ही तांबडी लव धरायची. तिचा एक शिंतोडा पांढऱ्या चादरीवर पडला की गिऱ्हाईक गेलंच म्हणून समजा. हे दर सकाळी दुकान उघडायच्या आधी ब्रश घेऊन मागे जायचे आणि तिला खरवडून काढायचे, आणि ती दुसऱ्या सकाळी हजर. शिव्याही ते तिलाच घालायचे, माणसांना कधी नाही. आणि आता मुलगी बाटली घेऊन त्याच गटाराशी उकिडवी बसली होती आणि ती लव चमच्यानं उचलत होती. "बाबा, हळू बोला," ती म्हणाली, "ऐकतील." "ऐकू देत! ह्यांच्यामुळे मी सगळ्या जगाची माफी मागितलीये!"

तिनं आम्हाला दाखवलं होतं. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिचं एक लहान सूक्ष्मदर्शक आहे. त्यात डोळा लावला तर मला आधी माझीच पापणी दिसली, मग शिवणयंत्राखाली साचतात तसे दोऱ्यांचे तुकडे दिसले, पिवळट तांबडे, सरळ. "हे दोरे नाहीत, नळ्या आहेत," ठिपकी म्हणाली. "पाण्यातलं लोह घेऊन ते आपल्याभोवती नळी बांधतात. रांगेनं आत राहतात. मग एका टोकातून बाहेर पडतात आणि पुढे नवी बांधायला लागतात." मी म्हटलं, "म्हणजे ही सगळी रिकामी घरं?" "बहुतेक रिकामी. मला तीच हवी असतात. कारखान्यात केलेली भुकटी वीज आत शिरली की फुगते, आणि फुगून फुगून तडकते. ही पोकळ आहेत ना, ह्यांना फुगायला जागा असते. तडकत नाहीत." मी बराच वेळ बघत राहिले. कुणीतरी राहून गेलेल्या इतक्या खोल्या, आणि त्या राहून गेलेपणाचाच उपयोग. मग ह्यांनी डोळा लावला. थोड्या वेळानं म्हणाले, "विणलेलं आहे." आणि पुन्हा बघत बसले.

त्या नळ्यांत एकच अडचण होती, आणि ती ठिपकीनं मला भांडी पुसता पुसता सांगितली होती. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. "लॅबमध्ये नेऊन त्यांना चांगल्या बाटलीत ठेवलं, खायला भरपूर दिलं, ऊब दिली, की वाढतात गं भराभर. पण नळी बांधायचं विसरतात. पुष्कळांनी करून पाहिलंय. सगळं जागच्या जागी मिळालं की विसरतात. आणि एकदा विसरले की परत गटारात आणून सोडलं तरी आठवत नाही." म्हणून ही पन्हळ घरी होती. लाँड्रीमागचं गटार त्या वर्षी नगरपालिकेनं सिमेंट घालून बंद केलं, त्याच्या आदल्या दिवशी ठिपकीनं तिथली लव आणून पन्हळीत सोडली. बोअरचं पाणी बादलीत भरून ठेवायचं, त्यात खिळे टाकायचे, आणि बारीक नळीतून ते पन्हळीत थेंब थेंब वाहू द्यायचं. जितकी उपासमार त्यांना गटारात होती, तितकीच इथे. बादली भरायचं काम माझं होतं. मी ते आवडीनं करायचे. मूल झोपलंय की नाही बघावं, तशी सकाळी उठून आधी पन्हळ बघायचे.

आणि आता ती पन्हळ चकचकीत होती. ठिपकीच्या लॅबमध्ये होते ते सगळे विसरलेले. बांधणारे फक्त ह्याच पन्हळीत होते.

मी चहा दिला. ह्यांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "मागे फार साचलं होतं. कुणी लक्ष देत नाही." मी म्हटलं, "हो." त्यांच्या बोटांची टोकं पुडीनं पांढुरकी पडली होती, सुरकुतलेली, पूर्वी असायची तशी. त्या बोटांकडे मला रागानं बघता येईना. खरं सांगायचं तर मला पन्हळीची काळजी नव्हतीच. मला रविवारची काळजी होती. रविवारी आम्ही शहराबाहेरची एक जागा बघायला जाणार होतो. ठिपकीनं खूप विचार करून, खूप मऊ शब्दांत विषय काढला होता. तिथे माणसं चांगली आहेत, बाग आहे, रात्रंदिवस कुणीतरी जागं असतं. "नुसती बघून येऊ, आई." तिला ते सांगणं जड जात होतं हे आवाजातच कळत होतं, म्हणून मी हो म्हटलं. कारणं तिच्याकडे होती. हे गॅस उघडा ठेवायचे. खाली जायचे. आमच्या लाँड्रीच्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे. हे तिथल्या काउंटरमागे जाऊन उभे राहायचे. चष्मेवाला भला माणूस. एकदा त्यांचा हात धरून वर घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, काकांनी आज माझी दोन गिऱ्हाइकं गुरुवारवर ढकलली." आम्ही दोघं दारात उभे राहून हसलो, आणि हे सुद्धा हसले, आम्ही का हसतोय ते न कळता, पाहुण्यासारखे. त्यांचं ते हसणं बघितलं आणि मला दुसरंच काहीतरी दिसलं: त्या बागेत, उन्हात, स्वच्छ सदऱ्यात, सगळ्यांकडे बघून असेच हसत बसलेले हे. सगळं जागच्या जागी मिळालेलं. काही बांधायचं राहिलेलं नाही.

आतापर्यंत ठिपकीचं मन डगमगत होतं, मला ते दिसत होतं. पण हे कळल्यावर? कित्येक वर्षांचं तिचं काम वडिलांनी एका सकाळी गुणगुणत धुऊन टाकलं, हे कळल्यावर कुठली मुलगी डगमगेल? ती ओरडणार नाही. ओरडली असती तर बरं. ती गप्प बसेल, आणि रविवारी नुसतं बघून यायचं राहणार नाही, त्यांना तिथेच ठेवून यायचं होईल.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. भाजी चिरली, ती कुठल्या भांड्यात टाकली आठवेना. गॅलरीच्या लोखंडी गजांना गंज चढलेला आहे. एक चमचा घेऊन मी तो खरवडायला लागले, पन्हळीत टाकावा म्हणून. चार ओरखडे काढले आणि माझंच मला हसू आलं. हा नुसता गंज. ह्यात कधी कुणी राहिलेलं नाही. चमचा धुऊन ठेवला. मग ठरवलं की आपणच धुतलं म्हणून सांगायचं. म्हातारी बाई, जन्म धुण्यात गेला, हात थांबले नाहीत. कुणालाही पटेल. दुपारभर मी ते वाक्य मनातल्या मनात बोलून पाहत होते, आणि हे खिडकीशी बसून माझ्या ओढणीच्या टोकाला लागलेली हळद नखानं काढायचा प्रयत्न करत होते. "ह्याला ऊन लागेल," ते म्हणाले. "लावू," मी म्हटलं. त्यांना माझं नाव त्या दिवशी सुचत नव्हतं, पण माझ्या ओढणीला काय लागेल ते त्यांना माहीत होतं. त्यांच्या त्या नखाखाली मला इतकं सुरक्षित वाटलं की मी हललेच नाही.

संध्याकाळी ठिपकी आली, चप्पल काढता काढता नेहमीसारखी मागे गेली. ती परत आत येईना. मी मागे गेले. ती पन्हळीसमोर उकिडवी बसली होती, गटाराशी बसायची तशी.

"मी धुतली," मी म्हणाले. "माझ्या लक्षातच राहिलं नाही बघ. सकाळी उठले, आणि हात..."

तिनं पन्हळीच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं. "आई," ती म्हणाली, "तू कोपरे सोडतेस. जन्मभर बाबा तुला त्याबद्दल बोलत आले."

मी ओढणीला हात पुसत राहिले.

"काय घातलं? पांढरी?"

मी मान हलवली. तिनं डोळे मिटून घेतले. पांढऱ्या पुडीपुढे तांबडं काही उरत नाही, हे ह्या घरात जन्मलेल्या मुलीला मी काय सांगायचं. तेवढ्यात हे मागून आले. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले, आणि पन्हळीकडे बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता ठिपकी फुटणार, आता बोलणार.

"कसं निघालंय?" त्यांनी तिला विचारलं. गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

ठिपकी उठली. "छान निघालंय, बाबा," ती म्हणाली. "अगदी नव्यासारखं." मग ती न्हाणीघरात गेली आणि नळ मोठा सोडला. नळाच्या आवाजात माणूस किती वेळ रडू शकतं ते मला माहीत आहे. मी भांड्यांचा आवाज करत राहिले, म्हणजे ह्यांना ऐकू जाऊ नये.

मग ती लॅबमधल्या तिच्या वरच्या बाईंना फोनवर म्हणाली, "नमुना गेला. हो, सगळा. नाही, कुणाची चूक नाही." कुणाची चूक नाही, हे तिनं दोनदा म्हटलं. सकाळी उठून मी सवयीनं बादली भरायला गेले आणि मग रिकामी बादली पालथी घातली. जेवताना ती ह्यांना घास भरवत नव्हती, पण त्यांच्या हातातला घास तोंडापर्यंत पोचतो की नाही ते डोळ्यांनी धरून ठेवत होती. एकदा मला म्हणाली, "आई, मला त्यांचा राग येत नाही हेच मला सहन होत नाही." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी सांगणार होते की नेऊ नकोस त्यांना, मी बघीन, मी गॅसची चावी कमरेला बांधीन. पण ती थकलेली होती, आणि मीही थकलेली होते, आणि रात्री पायथ्याशी बसून ह्यांचे पाय दाबताना मला स्वतःलाच वाटून गेलं की तिथे रात्रंदिवस कुणीतरी जागं असतं.

रविवारी मी त्यांना इस्त्रीचा सदरा घातला. बटणं त्यांनी स्वतः लावली, सगळी, बरोबर. ठिपकीनं त्यांच्या पायांत बूट घातले, नाड्या बांधल्या. गाडी खाली येऊन उभी होती. हे उठले, दारापर्यंत आले, आणि थांबले.

"मला नाही येता येणार," ते म्हणाले.

"बाबा, लगेच परत येऊ."

"कपडा भिजत घातलाय."

"कुठला कपडा?"

"गिऱ्हाइकाचा." ते अस्वस्थ झाले, हात हलवायला लागले. "त्याला विचारून ठेवलंय. उत्तर आलेलं नाही. असं टाकून कसं जायचं? माणसं विश्वासानं देतात."

ठिपकीनं माझ्याकडे पाहिलं. कारण डागाला आधी विचारायचं, हा आमच्या दुकानाचा नियम होता. ह्यांनी मला तो पहिल्या दिवशी शिकवला, ठिपकीलाही तिला बोलता यायच्या आधी शिकवला असेल. औषधाच्या बाटलीला हात लावायच्या आधी एक पांढरी चिंधी ओली करायची, डागावरून हलक्या हातानं टिपायची आणि ती चिंधी साध्या पाण्यात ठेवून बघायचं, काय सुटतंय, काय रंग येतोय. डाग कोण आहे ते तो स्वतः सांगतो. न विचारता औषध लावणारा तो आडदांड, असं हे म्हणायचे. इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं, आणि त्या सकाळी चकचकीत पन्हळ बघून मला एकदाही सुचलं नाही की हे विचारल्याशिवाय औषध लावणार नाहीत.

"कुठे ठेवलाय, बाबा?" ठिपकीनं विचारलं. तिचा आवाज अगदी खाली आला होता.

ते आम्हाला मागे घेऊन गेले. गॅलरीच्या टोकाला, जुन्या बोअरच्या नळाखाली, मी मोडक्या कुंड्या ठेवते त्या मागे, पत्र्याचं एक पांढरं घमेलं होतं. नळाचा वायसर झिजलेला आहे, तो सारखा ठिबकतो; त्या ठिबकण्यानं घमेलं काठोकाठ भरून वाहत होतं. आत एक चिंधी होती. चिंधी म्हणायची एवढंच, तिचं कापड दिसतच नव्हतं. तिच्यावर तांबडी लव चढली होती, दाट, मऊ, आणि पाण्याच्या प्रत्येक थेंबासरशी ती थोडी थोडी हलत होती. घमेल्याच्या कडेपर्यंत ती पसरली होती. पन्हळ धुण्याआधी तिच्यातल्या डागाला विचारून ठेवलं आणि हे विसरले. विसरले म्हणून ते पाणी कुणी ओतलं नाही, विसरले म्हणून त्याच्यावर पांढरी पडली नाही.

माझा हात खरोखर पुढे झाला होता, पाणी ओतायला. इतक्या वर्षांची सवय. ठिपकीनं माझं मनगट धरलं. मग ती तशीच खाली बसली, चांगल्या कपड्यांत, ओल्या फरशीवर.

तिनं चिमट्यानं एक कण उचलून काचेवर ठेवला आणि टेबलाशी गेली. खालून गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. हे बूट घालून उभे, मी त्यांचा दंड धरून उभी. ठिपकीनं सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवलं, थांबली, परत फिरवलं. तिची मान मागून लहानपणी दिसायची तशीच दिसत होती, अभ्यासाला बसल्यासारखी. मला विचारायची हिंमत नव्हती.

"बांधलीयेत," ती शेवटी म्हणाली. "आई, सगळी घरं बांधलीयेत गं."

मला वाटलं, ती आता धावत फोनकडे जाईल, बाईंना कळवेल. ती उठून ह्यांच्यासमोर आली, खाली वाकली आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"काय करतेस?" हे म्हणाले. "उशीर होईल."

"कुठे जायचंच नाहीये, बाबा."

"पण मग ते गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक मीच आहे." तिनं एक बूट काढला, मोजा सरळ केला. "कपडा माझा आहे. कधी येऊ न्यायला?"

ह्यांनी तिच्याकडे वरून खाली पाहिलं. ती कोण ते त्यांना त्या क्षणी कळत होतं की नाही, मी सांगू शकत नाही. पण एखादं काम किती वेळ खाईल ते जोखताना त्यांचे डोळे बारीक व्हायचे, तसे झाले.

"डाग जुना आहे," ते म्हणाले. "गुरुवारी या."

"बरं," ठिपकी म्हणाली, आणि दुसरा बूट काढला. मी खाली जाऊन गाडी परत पाठवली. जिना चढून येताना मी मध्येच पायरीवर बसले. वरून त्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. ती त्यांना सांगत होती की कपड्याचं पाणी बदलायचं नाही, नुसतं बघायचं. ते म्हणत होते की असं कुठल्या शाळेत शिकवतात.

पुढे घमेल्यातलं पन्हळीत आलं, आणि पन्हळीच्या बाजूला हे. ठिपकीनं गॅलरीत त्यांची खुर्ची ठेवली आणि पन्हळीवर लक्ष ठेवायचं काम त्यांना दिलं. पांढरीचा डबा मी चष्मेवाल्याकडे ठेवून आले; त्यानं तो काउंटरखाली ठेवला आणि म्हणाला, काका आले तर संपलीये म्हणून सांगतो. संपलीये म्हटलं की हे निमूट परत यायचे. ते रोज विचारायचे, हे काय आहे, आणि आम्ही रोज सांगायचो. कधी ते लवेला शिव्या घालायचे, कधी तिच्याकडे कौतुकानं बघायचे. आमचे दिवस सोपे गेले असं मी म्हणणार नाही. गॅसची चावी मी खरंच कमरेला बांधली. काही दिवस असे गेले की त्यांना माझी भीती वाटायची. काही रात्री ठिपकी आणि मी एकमेकींशी न बोलता भांडलो. पण ते घरात होते, आणि ते रोज काहीतरी राखत होते.

एकदा ठिपकीनं लॅबमधून शर्टाच्या बटणाएवढी एक चकती आणली. तिला दोन तारा लावल्या, आणि एक इवला दिवा लागला. "हे त्या कपड्यातलं आहे, बाबा," ती म्हणाली. "तुमच्या." ह्यांनी चकती बोटांत घेतली, उलटी केली, उजेडाकडे धरली, कॉलर धरायचे तशी.

"डाग कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आत आहे."

त्यांनी ती परत तिच्या तळहातावर ठेवली, आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. "मग हा माझ्याच्यानं निघायचा नाही," ते म्हणाले, आणि तिच्याकडे बघून हसले. ते पाहुण्यासारखं हसणं नव्हतं. ठिपकी मूठ मिटून तशीच बसून राहिली.

दिराच्या त्या मुलीला पहिला मुलगा झाला, त्या वर्षी, थंडी संपता संपता, एका गुरुवारी सकाळी, मागच्या गॅलरीत खुर्चीवर बसलेले असताना आमचे हे गेले.